फाटकापासून ग्रंथालयापर्यंत

(विद्यापीठाच्या आवारात पायी चालण्याची आणि सायकलीची वाट कशी आखावी, या विषयावर जळगाव येथे विद्यार्थिनी आणि कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण.)



आजचा विषय ऐकून काही जणींना वाटलं असेल की बायकांच्या चळवळीत आता एवढंच राहिलं का? हुंडा आहे, मारहाण आहे, पोटगीच्या तारखा आहेत, आणि ही बाई धुळ्याहून येऊन सायकलच्या वाटेवर बोलणार. शंका रास्त आहे, म्हणून उत्तर आधीच देते. एखाद्या मुलीला रात्री आठ वाजता ग्रंथालयातून वसतिगृहात एकटीनं जाता येतं की नाही, यावर ती ग्रंथालयात किती वेळ बसणार ते ठरतं. त्यावर तिचा अभ्यास ठरतो, अभ्यासावर नोकरी ठरते आणि नोकरीवर पुढचं बरंच काही ठरतं, अगदी मार खाऊन राहायचं की घराबाहेर पडायचं इथपर्यंत. वाटेचा प्रश्न असा घरापर्यंत येतो.

आपलं विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० ला स्थापन झालं. त्याआधी खानदेशातली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. एखाद्या कागदासाठी पुण्याला जायचं म्हणजे मुलीबरोबर बाप किंवा भाऊ हवाच. विद्यापीठ जवळ आलं आणि तेवढा फेरा वाचला. आज जळगाव, धुळे आणि १९९८ साली धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार, असे तीन जिल्हे या विद्यापीठाखाली येतात. सातपुड्यातल्या पाड्यावरची मुलगी इथे येते आणि जळगावच्या पेठेतलीही येते. २०१८ मध्ये विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव दिलं गेलं.

हे आवार तुम्ही पाहिलंच आहे. बांभोरीजवळ, गिरणेच्या काठी, महामार्गाला लागून, चढउताराची टेकाडांची जमीन. ती आहे सुमारे साडेसहाशे एकर. एकरांचा हिशेब शेतकऱ्याच्या लेकीला कळतो, पण चालण्याच्या भाषेत तो मांडून बघू. साडेसहाशे एकर म्हणजे अडीच चौरस किलोमीटरहून जास्त. चौकोनी धरलं तर एक बाजू दीड किलोमीटरच्या पुढे जाते. दीड किलोमीटर चालायला वीस मिनिटं लागतात, सायकलीवर सहा-सात. समजा, एखादी मुलगी सकाळी वर्गाला गेली, दुपारी जेवायला आली, परत प्रयोगशाळेत गेली आणि संध्याकाळी खोलीवर आली. चार फेऱ्या झाल्या. अंतर एवढं असेल तर पायी तिचे ऐंशी मिनिटं गेले, सायकलीवर अर्धा तासही नाही. रोजचा पाऊण तासाहून जास्त फरक. आणि आपल्याकडचा मे महिना, पारा पंचेचाळीसच्या आसपास. त्या उन्हात दुपारची फेरी चुकवण्यासाठी मुली काय करतात? जेवण चुकवतात.

आता मुलांचं बघा. बऱ्याच मुलांकडे मोटारसायकल असते, नसली तर मित्राची असते, दोघं-तिघं बसून जातात. कोणी कोणाला काही विचारत नाही. मुलीनं कोणाच्या गाडीवर बसायचं म्हटलं की दुसऱ्या दिवशी चर्चा. म्हणजे ज्याच्याकडे चाकं, त्याचा वेळ. आणि जिच्याकडे चाकं नाहीत, तिनं एक तर चालायचं, नाही तर उपकार घ्यायचे, नाही तर खोलीतच बसायचं.

सरकारनं काहीच केलं नाही, असं मी म्हणणार नाही. मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या बसगाड्यांनी खेड्यापाड्यातल्या मुली शाळेत आणल्या. त्याच कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळाल्या. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी गटांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली. हे सगळं चांगलंच आहे. पण क्रम लक्षात घ्या. बारावीपर्यंत बस आहे, सायकल आहे. बारावीनंतर मुलगी परगावी शिकायला निघते तेव्हा ती सायकल बहुतेक घरीच राहते आणि धाकटा भाऊ वापरतो. फी माफ, तिकीट अर्धं, आणि एसटीतून उतरल्यावर फाटकापासून वर्गापर्यंतचा शेवटचा तुकडा मात्र कोणाच्याच खात्यात नाही. मी त्या तुकड्याबद्दल बोलते आहे.

चाकानं काय होतं याचे दाखले आपल्या देशात आहेत. तमिळनाडूत पुदुक्कोट्टई नावाचा दुष्काळी जिल्हा आहे. १९९१ साली तिथे साक्षरतेची मोठी मोहीम सुरू झाली. जिल्हाधिकारी होत्या शीला राणी चुंकत. त्यांनी सायकल चालवणं हा साक्षरतेचाच भाग केला. शेतमजूर बाया, दगडाच्या खाणीत राबणाऱ्या बाया, अंगणवाडीताई, सगळ्या शिकल्या. लाखाहून जास्त बायका सायकलीवर बसल्या. लेडीज सायकली कमी पडल्या तर त्यांनी पुरुषांची दांडीवाली सायकल घेतली, आणि त्यातल्या अनेकींना तीच जास्त पसंत पडली, कारण पुढच्या दांडीवर पोराला बसवता येतं. बायकांना काय हवं ते बायकांनाच विचारावं लागतं, ते असं.

दुसरा दाखला बिहारचा. २००६ साली तिथल्या सरकारनं नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला. योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं, मुलगा-मुलगी हा फरक ४० टक्क्यांनी कमी झाला. हा परिणाम मुख्यतः शाळा लांब असलेल्या गावांत, तीन किलोमीटर आणि त्यापुढे, दिसला. अंतर हाच अडथळा होता, मुलींची इच्छा नव्हे.

तिसरा दाखला उलटा आहे. पुण्याच्या विद्यापीठात २०१७ साली भाड्याच्या सायकली आल्या. मोबाईलवर कुलूप उघडायचं आणि निघायचं. वर्तमानपत्रात फोटो आले. पण ते प्रयोग टिकले नाहीत. त्यातून मी एवढाच बोध घेते, की नुसत्या सायकली आणून चालत नाही. सायकल पंक्चर झाली तर कोण काढणार, हवा कुठे भरणार, आणि ज्या मुलीकडे भारी मोबाईल नाही तिनं काय करायचं, याचं उत्तर आधी हवं.

आता सुरक्षिततेकडे येते, कारण वाटेचं नाव काढलं की पहिला शब्द तोच येतो. आणि त्या शब्दाला उत्तर म्हणून बहुतेक ठिकाणी कुलूप येतं. मुलींचं वसतिगृह सातला बंद, मुलांचं बंदच नाही. एका वसतिगृहातल्या मुलींनी मला सांगितलं की ग्रंथालय रात्री नऊपर्यंत उघडं आहे, पण हजेरी साडेसहाला आहे. मग नऊपर्यंतचं ग्रंथालय कोणासाठी?

जळगावच्या माणसांना हे सांगायची गरज नसावी. १९९४ साली इथलं प्रकरण उघडकीला आलं आणि सगळा महाराष्ट्र हादरला. राज्यभरातल्या स्त्री संघटना इथे आल्या. पुढे न्यायालयांत बरेच आरोपी सुटले, हाही इतिहास आहे. पण तेव्हा ज्या तक्रारी पुढे आल्या, त्यांत ओळख होती, फसवणूक होती, फोटो आणि धमक्या होत्या. अंधाऱ्या रस्त्यावरच्या अनोळखी माणसाची ती गोष्ट नव्हती. आजही राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या दरवर्षीच्या आकड्यांत बलात्काराच्या दहापैकी नऊहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. रस्त्यावर त्रास होत नाही, असं याचा अर्थ नाही. होतो, रोज होतो. पण मुलीला कोंडलं की ती सुरक्षित झाली, हा समज खोटा आहे. आणि कोंडल्यानं रस्ता आणखी ओस पडतो. उरलेल्या एकटीदुकटीला तो जास्तच धोक्याचा होतो.

कायदाही आता आपल्या बाजूनं बोलतो. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१३ मध्ये ‘सक्षम’ नावाचा अहवाल काढला. त्यानंतर लैंगिक छळ रोखण्यासाठी आयोगाचे २०१५ चे विनियम आले, ते मे २०१६ मध्ये राजपत्रात छापले गेले. त्यात म्हटलं आहे की सुरक्षिततेचं कारण सांगून मुलींच्या वसतिगृहाला मुलांपेक्षा वेगळे, जाचक नियम लावू नयेत. आवारात पुरेसा उजेड हवा. आणि मोठ्या आवारांत वसतिगृह, ग्रंथालय, प्रयोगशाळा, मुख्य इमारती यांच्यामध्ये भरवशाची वाहतूक असावी, म्हणजे विद्यार्थिनींना उशिरापर्यंत काम करता येईल. आपण मागतो आहोत ते नवीन काही नाही. जे लिहिलेलं आहे ते जमिनीवर आणा, एवढंच.

मग ही वाट आखायची कशी? माझं म्हणणं एका वाक्यात सांगते. आराखड्याची सुरुवात नकाशावर दुपारी बारा वाजता करू नका, वसतिगृहाच्या दारातून रात्री आठ वाजता करा. ज्यांना ही वाट सगळ्यात जास्त लागणार आहे आणि आज सगळ्यात कमी मिळते आहे, त्यांच्या पावलांपासून सुरू करा.

यासाठी एक साधी रीत आहे. कॅनडातल्या टोरांटो शहरात १९८९ साली स्त्रियांच्या एका संस्थेनं ती बसवली, पुढे दिल्लीच्या जागोरी गटानं आपल्याकडे वापरली. तिला सुरक्षा पाहणी म्हणतात. चार-सहा जणींनी अंधार पडल्यावर हातात वही घेऊन वाट चालायची. तोंड ओळखता येईल एवढा उजेड कुठवर आहे? पुढचं वळण दिसतं का? कोणी मागे लागलं तर जायला दुसरी बाजू आहे का? हाक मारली तर ऐकेल असं कोणी आहे का? जिथे पाय आपोआप भरभर पडायला लागतात, तिथे खूण करायची. त्यासाठी इंजिनियर असावं लागत नाही. पण इंजिनियर साहेबांनी सोबत चालावं, म्हणजे त्यांनाही कळेल.

दिवसाची पाहणी वेगळी करायची. कुठल्याही मोठ्या आवारात डांबरी रस्ता एकीकडून जातो आणि माणसांच्या पायांनी पडलेली पायवाट दुसरीकडून जाते. त्या पायवाटा चुकीच्या नसतात. कोणाला कुठे जायचं आहे, हे त्या सांगत असतात. नवी वाट शक्यतो त्यांच्यावरूनच न्या. आणि त्या कोणाच्या आहेत तेही विचारा. आवारात फक्त विद्यार्थी आणि प्राध्यापक नसतात. मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या, वऱ्हांडे झाडणाऱ्या, रोपांना पाणी घालणाऱ्या बाया पहाटे येतात आणि अंधार पडल्यावर जातात. त्या कोणत्या गावाहून, कोणत्या बाजूनं येतात, हे विचारल्याशिवाय आराखडा पुरा होत नाही.

आता बारीक गोष्टी. बारीक म्हणते, पण वाट टिकते ती यांच्यावरच.

रुंदी. दोन चाकाच्या खुर्च्या शेजारून जाऊ शकतील एवढी, म्हणजे पायी वाट निदान १.८ मीटर मोकळी असावी असं इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक आहे. मोकळी म्हणजे मध्ये विजेचा खांब नाही, कचराकुंडी नाही, उभ्या केलेल्या मोटारसायकली नाहीत. सायकलीची पट्टी वेगळी आणि समोरासमोरून दोन सायकली आरामात जातील एवढी हवी. मोटारसायकल आत शिरू नये म्हणून तोंडाशी खुंट्या लावाल, तर त्यांतून चाकाची खुर्ची जाते ना, ते बघा.

चढ. आपली जमीन टेकाडाची. नाकासमोर सरळ वाट काढली तर चढ उभा होईल, आणि अर्ध्या मुली सायकल हातात धरून चालतील. वीस फूट पुढे जाताना एक फूट वर, यापेक्षा जास्त चढ नको. त्यासाठी वाट थोडी वळवावी लागली तर वळवा. काळ्या मातीत पावसाचं पाणी कुठून जातं ते आधी एका पावसाळ्यात बघून घ्या, नाही तर पहिल्याच जुलैत वाट वाहून जाईल.

उजेड. उंच खांबावरचा दिवा झाडाच्या शेंड्यावर पडतो आणि खाली अंधारच राहतो. दिवे झाडांच्या फांद्यांखाली, कमी उंचीवर आणि जवळजवळ हवेत. एक झगझगीत दिवा आणि मग शंभर पावलं काळोख, हे सगळ्यात वाईट, कारण डोळे दिपतात आणि पुढचं काहीच दिसत नाही. आणि दिवे गेले तर कोणाला सांगायचं, त्याचा नंबर खांबावरच लिहिलेला असावा.

सावली. विद्यापीठानं पाणी अडवून या उजाड माळावर झाडं वाढवली, ही कौतुकाची गोष्ट आहे. वाटेच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला कडुनिंब, करंज, शिरीष अशी झाडं लावा, दुपारची सावली तिकडूनच येते. झुडपं मात्र गुडघ्यापर्यंतच ठेवा, म्हणजे आडोसा होत नाही. बाभूळ वाटेजवळ नको आणि कडेचे सराटे दर महिन्याला काढा. सराट्यानं एका दिवसात दहा ट्यूब जातात, हे खेड्यातल्या कोणत्याही मुलाला विचारा.

पाणी, बसायला ओटे आणि बायकांसाठी संडास, हे वाटेवरच हवं. मासिक पाळीच्या दिवसांत दीड किलोमीटर चालणाऱ्या मुलीला ते का हवं, हे या सभेत समजावून सांगायला नको. पंक्चर काढणारा निदान वसतिगृहाजवळ आणि फाटकाजवळ हवा. पंक्चर काढणारी असली तर फारच चांगलं. आणि ज्या मुलींना सायकल येत नाही त्यांच्यासाठी पहिले दोन महिने रविवारी सकाळी मैदानावर शिकवणी. विसाव्या वर्षी सायकल शिकायला लाज वाटते. दहा जणी एकदम पडायला लागल्या की वाटत नाही.

शेवटी फाटक. वाट फाटकाशी संपत नाही, तिथे महामार्ग आहे. एसटीनं जा किंवा या, दोन्हींपैकी एका वेळी रस्ता ओलांडावाच लागतो. जळगावकरांनी २०१८ च्या सुमारास महामार्गालगतच्या समांतर रस्त्यांसाठी आंदोलनं केली, कारण त्या रस्त्यानं कितीतरी घरांतली माणसं नेली आहेत. थांबा, ओलांडायची जागा आणि आतली वाट हे तीन वेगवेगळ्या कार्यालयांचे विषय असतील, मुलीसाठी मात्र तो एकच रस्ता आहे.

आता आक्षेप. पहिला, ‘अशा वाटेवर जोडपी बसतील.’ बसू देत. ओट्यावर बसलेलं जोडपं, गप्पा मारणाऱ्या मैत्रिणी, फेरी मारणारे प्राध्यापक यांच्यामुळेच वाट जागती राहते. मुंबईतल्या शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये एक पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की बाईला बाहेर दिसायचं तर सतत काहीतरी काम दाखवावं लागतं, हातात पिशवी किंवा फाईल लागते. विनाकारण बाहेर असण्याचा हक्क तिला नाही. या वाटेवर मुलीनं नुसतं हिंडावं, एवढाही तिचा हक्क असावा.

दुसरा, ‘त्यापेक्षा मुलींसाठी एक बस सुरू करा.’ बस हवीच, विशेषतः आजारी, अपंग आणि गरोदर बायांसाठी. पण बसला वेळापत्रक असतं. प्रयोग साडेसातला संपला आणि बस सातची होती, तर पुन्हा तेच. दोन्ही हवं.

तिसरा, पैसा. सगळी वाट एकदम नका करू. वसतिगृह ते ग्रंथालय हा एकच तुकडा आधी घ्या. आहे त्या रस्त्याच्या कडेला चुन्याची फक्की मारा, मोटारसायकलींना तिथे मनाई करा, तात्पुरते दिवे लावा आणि एक महिना वापरून बघा. कोण किती वाजता गेलं ते विद्यार्थिनींनीच मोजावं. चुकलं तर चुना पुसता येतो, काँक्रीट पुसता येत नाही.

बहिणाबाई असोद्यात जन्मल्या, त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. घर, शेत आणि जातं यांच्यामधल्या कष्टात त्यांची गाणी जुळली. मुलगा सोपानदेव आणि इतरांनी ती उतरवून घेतली, म्हणून त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये ती छापली गेली. त्यांचं नाव आपण विद्यापीठाला दिलं. त्या नावाच्या आवारात शिकणाऱ्या मुलीला संध्याकाळी सातनंतर वाट नसेल, तर ते नाव फक्त कमानीवर राहील.

आज इथून जाण्याआधी तीन कामं ठरवू. पहिलं, येत्या महिन्यात अंधार पडल्यावर एक पाहणी. टॉर्च, वही आणि मोजपट्टी घेऊन या, काम करणाऱ्या बायांनाही बोलवा. दुसरं, पाहणीचा कागद कुलगुरूंकडे आणि अंतर्गत तक्रार समितीकडे एकाच दिवशी द्यायचा, पोच घेऊन. तिसरं, आराखड्याची जी समिती होईल तिच्यावर निदान निम्म्या विद्यार्थिनी आणि एक सफाई कामगार बाई असावी, ही मागणी पहिल्याच पत्रात लिहायची. धुळ्याच्या कॉलेजांतही हेच करता येईल, त्यासाठी मी तिकडच्या मैत्रिणींना घेऊन पुढच्या बैठकीला येते. पाहणीची तारीख तुम्ही आत्ताच, चहाच्या आधी ठरवा.